पूर्णेच्या वाटेवरची दशमी

माघ वद्य पंचमी, शके १८६३. गोरेगाव. उजाडायच्या सुमारास गाडी जुंपली. हजर: आत्याबाई, म्हणजे माझ्या यजमानांची आत्या, वय साठीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. यजमान, गावच्या शाळेत मास्तर, महिन्याची रजा काढून. मी. गाडीवान, आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे, ज्यांना हिंदू-मुसलमान सगळा गाव चाचा म्हणतो ते. आणि त्यांचे दोन बैल, एक पांढरा, एक तांबडा. बैलांना कोणी हजेरीत धरत नाही, पण तांबड्यामुळेच पुढचं सगळं झालं.

ही नोंद माझ्या वहीत आहे. शाळेतल्या जुन्या परीक्षेच्या कागदांच्या कोऱ्या बाजू एकत्र शिवून मी ती वही केली आहे. लोणची, पापड, मुंज, बाळंतपण, प्रवास, सगळ्याच्या याद्या तिच्यात आहेत. काम झालं की पुढे फुली मारते. यजमान म्हणतात, ही बाई मेल्यावरसुद्धा सामानाची यादी करून जाईल. म्हणू देत. आमच्या घरातून आजवर कोणी तांब्या विसरून गावाला गेलेलं नाही.

आत्याबाई सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आल्या. यजमानांची आई लवकर गेली, तेव्हा त्यांना आत्याबाईंनीच वाढवलं. चाळीस वर्षं आमचं स्वयंपाकघर त्यांच्या हातात होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड भात करता येत नव्हता; जे येतं ते त्यांनी शिकवलेलं. डोळे गेले तरी त्या काही दिवस कानांनी आणि नाकाने स्वयंपाक करत होत्या. मग एकदा चुलीच्या तोंडाशी हात भाजला आणि मी पळी काढून घेतली. स्वयंपाकघर सुटलं तशी त्यांची अन्नावरची वासनाच गेली. मी त्यांच्याच पद्धतीने ज्वारीच्या कण्या शिजवायची, ताकात कालवून द्यायची. चार घास घेऊन ताट सारायच्या. "पुरे गं. भूक नाही."

त्यांचे नेम कडक होते. घराबाहेर पाण्यात शिजवलेलं किंवा पाण्यात मळलेलं काही खायचं नाही. प्रवासात चालते ती फक्त दशमी, कारण तिचं पीठ पाण्यात नाही, दुधात भिजवतात. दुधाचीही प्रतवारी होती. गाईचं उत्तम, म्हशीचं ठीक, शेळीचं अडीनडीला. मेंढीचं वर्ज्य. मेंढीचं दूध पोटात गेलं तर तीन दिवस उपास करून प्रायश्चित्त घ्यावं लागतं, असं त्या सांगायच्या आणि सांगताना पदर तोंडाला लावायच्या.

आदल्या वर्षी यजमान एकटेच त्यांना पूर्णेला घेऊन गेले होते. मी बाळंतीण होते. पूर्णेच्या एका दवाखान्यात बाहेरगावचे डोळ्यांचे डॉक्टर वर्षातून एकदा, माघात, चार दिवस येत. यजमानांनी सोबत लाह्या आणि केळी नेली. आत्याबाईंनी दोन दिवस तोंडात काही घातलं नाही आणि डॉक्टरांच्या समोर बाकावरच घेरी येऊन पडल्या. डॉक्टरांनी हत्यारं पुन्हा पेटीत ठेवली. म्हणाले, "मास्तर, पुढच्या वर्षी खाऊनपिऊन आणा. अंगात जीव नसेल तर मी हात लावणार नाही. आणि त्याच्यापुढे थांबलात, तर मग मी असूनही उपयोग नाही."

तेव्हा या वेळी काम एकच होतं: आत्याबाईंना पूर्णेपर्यंत जेवत नेणं. ते माझ्याकडे आलं; वर्षाचं मूल मी माझ्या आईपाशी ठेवलं.

मी आधी पंचांग पाहिलं. संकष्टी झाल्यावर निघायचं, एकादशीच्या आत डोळा करून घ्यायचा. आदल्या दिवशी सोवळ्याने वीस दशम्या केल्या. गव्हाचं पीठ, गूळ, तूप, चिमूटभर मीठ, गाईचं दूध. स्वच्छ पंच्यात बांधून टोपलीत ठेवल्या. यजमानांसाठी आणि माझ्यासाठी लसूण-मिरचीचे धपाटे वेगळ्या फडक्यात. माझा एक नियम आहे: ज्या वस्तूवाचून अडेल ती दोनदा न्यायची. म्हणून दशम्यांच्या जोडीला कोरडं पीठ, गूळ, तूप, लहान परात, तवा, सोवळ्याची धाबळी आणि फिरकीच्या तांब्यात तापवून गार केलेलं दूध घेतलं. प्रत्येकापुढे फुली मारली तेव्हाच गाडीत बसले.

दुपारी एका ओढ्यापाशी गाडी सोडली. चाचांनी बैलांना पाणी दाखवलं आणि गाडीच्या मागच्या बाजूला बांधलं. आत्याबाई आत गाठोड्याला टेकून बसल्या होत्या. मी ओढ्यावर हातपाय धुवत होते.

"कसला आवाज येऊन राहिला रे?" आत्याबाईंनी विचारलं.

"काही नाही आत्या, बैल रवंथ करून राहिला," यजमान डोळे मिटूनच म्हणाले.

तो रवंथ नव्हता. तांबड्याने मान लांब करून टोपली ओढली होती आणि पंच्यासकट दशम्या खात होता. चाचांनी आधी पाहिलं.

"या अल्ला! बाई, ह्यानं तर सगळी साफ केली!"

पंचा बाहेर ओढला. अर्धी दशमी निघाली, तीही चघळलेली. धपाट्यांच्या फडक्याला त्याने तोंडही लावलं नव्हतं.

"बैल शहाणा आहे," यजमान म्हणाले. "मिरची कशात आहे ते त्याला बराबर कळतं."

"तुम्ही रवंथ म्हणाला होतात," मी म्हटलं.

"किती होत्या गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"वीस."

"सगळ्या गेल्या?"

"सगळ्या."

"असू दे. नंदीच्या मुखी गेल्या, देवाला पोचल्या. मी आज उपास करते."

हे त्या इतक्या झटकन म्हणाल्या की मला राग आला. त्यांना उपासाला निमित्तच हवं होतं. मी म्हटलं, "आत्याबाई, आज पंचांगात उपास नाही. मी बघून निघाले आहे. माझ्याकडे पीठ आहे, दूध आहे. अर्ध्या घटकेत दशमी होते."

तांब्याची फिरकी उघडली आणि वास आला. दूध नासलं होतं. चूक माझीच. निघायच्या घाईत तो पितळी तांब्या मी स्वतः चिंचेने घासला होता, चकचकीत दिसावा म्हणून, आणि गळ्याच्या आट्यांत चिंच राहिली असणार. यादीत "तांब्या घासणे" अशी ओळ होती, पुढे फुलीही होती. "तांब्या विसळणे" अशी ओळ नव्हती.

चाचा शेजारी उभे होते. त्यांनी हळूच बोट दाखवलं. ओढ्याच्या पलीकडे कापूस उपटून मोकळ्या झालेल्या रानात मेंढपाळांचा तळ होता. रानाला खत व्हावं म्हणून शेतकरी त्यांची मेंढरं रात्रीपुरती वावरात बसवून घेतात, तसा. "तिथं दूध मिळेल, बाई. शेळ्या बी असतात त्यांच्यात."

"शेळीचं चालेल का, आत्याबाई?" मी विचारलं.

"अडीनडीला चालतं," त्या नाइलाजाने म्हणाल्या. "पण तांब्या आपला दे. धार तांब्यातच काढू दे."

तांब्या ओढ्यात पाच वेळा विसळला आणि मी पलीकडे गेले. एक धनगरीण, माझ्याच वयाची, काळ्या शेळीखाली बसून धार काढत होती. शेळीचे कान पांढरे होते, हेसुद्धा मला आठवतं.

"काय पायजे व्हं माय?"

"थोडं दूध हवं होतं. गाडीत म्हातारं माणूस आहे. ह्या तांब्यात काढा."

"हाय की. दे इकडं. इस्तू हाय का तुमच्याकडं? न्हाईतर त्या चुलीतून घे खापरावर."

मी विस्तव घ्यायला तिच्या चुलीकडे गेले. तिथे त्यांच्या कुत्र्याने माझा पदर धरला. त्याला दामटण्यात, निखारे खापरावर घेण्यात थोडा वेळ गेला. परत आले तेव्हा तांब्या गळ्यापर्यंत भरलेला होता आणि वर फेस होता. मी काही विचारलं नाही. शेळी डोळ्यांनी पाहिली होती, विचारायचं कशाला?

तीन दगड मांडले, धाबळी नेसले, पीठ भिजवलं. पीठ हाताला विलक्षण मऊ लागलं. थापताना कड फाटेना. तव्यावर टाकली तर तूप सोडायच्या आधीच कडेने तूप सुटल्यासारखी चमकायला लागली. मला वाटलं, गहू चांगला निघाला या साली.

पहिली दशमी आत्याबाईंच्या हातात दिली. त्यांनी तुकडा मोडला, चावला, थांबल्या.

"तूप किती घातलंस?"

"रोजच्याइतकंच."

"हं."

दुसरी मागितली. मग त्यांच्या लहानपणची एक हकीकत सांगायला लागल्या: माहेरी पाहुणे आले होते, आईने दशम्या शिंक्यावर ठेवल्या होत्या आणि त्यांनी उखळ पालथं घालून त्यावर चढून चार पळवल्या होत्या. यजमान धपाटा हातात घेऊन ऐकत राहिले. ही गोष्ट त्यांनीही कधी ऐकलेली नव्हती.

"आणखी आहे का गं?" आत्याबाई म्हणाल्या.

वर्षभरात हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. तिसरी दिली. उरलेल्या पिठाच्या पुढच्या वाटेसाठी दशम्या थापून घेतल्या, अकरा झाल्या.

मी ओढ्यावर तवा घासत होते, तेव्हा ती धनगरीण खापर न्यायला आली. गाडी तिथून पन्नासेक पावलांवर होती. चाचा जवळच चाकाला वंगण घालत होते.

"कशी झाली भाकर, माय?"

"फार मऊ झाली. तुमची शेळी चांगली आहे."

"शेळी?" ती हसली. "शेळी तर आटायली. वाटीभर बी निघालं न्हाई. मंग दोन मेंढ्या पिळल्या तुझ्यासाठी. मेंढीचं दूध लई घट असतंय, भाकर लोन्यावानी व्हती."

माझ्या हातातून तव्याची राख सांडली.

गाडीतून आत्याबाईंची हाक आली. "कोण आलंय गं? दूधवाली का? तिला म्हणावं, तुझं भलं होईल, बाई. शेळी कसली आहे विचार, गावरान का उस्मानाबादी?"

धनगरणीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी पुड्यातला गुळाचा खडा होता तेवढा तिच्या हातावर ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, "विचारते, आत्याबाई."

तिने गुळाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "काहून व्हं माय? मेंढीचं चालत न्हाई का तुमाला?"

"त्यांना नाही चालत."

"मंग आता?"

"आता खाऊन झालं."

तिने पदराचा बोळा तोंडात धरला. "पोटात गेल्यावर मेंढी काय अन् शेळी काय! म्हातारी ब्यां ब्यां करायली का गाडीत?"

मलाही हसू आलं. ती खापर घेऊन गेली. मी तशीच तवा धरून बसले. जरा वेळाने चाचा वंगणाचे हात पुसत आले.

"बाई, मी वंगण घालून राहिलो होतो. थोडं कानात बी गेलं. कायच ऐकू येईना."

"चाचा."

"जी. बैल जुंपू?"

"जुंपा."

दोनच गोष्टी शक्य होत्या. सांगितलं, तर आत्याबाई तिथल्या तिथे तीन दिवसांच्या उपासाला बसल्या असत्या. डॉक्टरांचे दिवस निघून गेले असते आणि डोळा कायमचा गेला असता. सांगितलं नाही, तर जन्मभर पाळलेला नेम त्यांच्या नकळत मी मोडला होता आणि वर झाकला होता. मी गाडीत बसल्यावर वही काढली आणि एक ओळ लिहिली: "आत्याबाईंना दुधाचं सांगणे. डोळा झाल्यावर."

संध्याकाळी हिंगोलीला यजमानांच्या ओळखीच्या घरी उतरलो. तिथे आत्याबाईंनी दोन दशम्या खाल्ल्या. दुपारच्या तीन माझ्या चुकीने झाल्या होत्या. ह्या दोन मी जाणून वाढल्या. ते मी तेव्हाही समजून होते.

सकाळी पूर्णेची आगगाडी मिळाली. डब्यात आत्याबाई इतक्या बोलक्या झाल्या की यजमान माझ्याकडे बघायला लागले. वसमतला एक बाई चढल्या, कपाळभर कुंकू, हातात तुळशीची माळ. आत्याबाईंनी आवाजावरून त्यांना जवळ बसवून घेतलं.

"आमच्या सूनबाईनं रानात, तीन दगडांवर दशमी केली. शेळीच्या दुधाची. खाऊन तर बघा."

आणि अर्धी मोडून दिलीसुद्धा. त्या बाईंनी खाल्ली. "किती मऊ हो! कृती सांगा."

"दूध शेळीचं पाहिजे," आत्याबाई म्हणाल्या. "म्हशीचं नको. सांग ना गं तिला."

मी खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "गूळ बारीक चिरून घालावा." त्या बाई कोण, कुठल्या, त्यांचे नेम काय, मला माहीत नाही. त्यांच्या नावानेही एक ओळ लिहायला हवी होती. लिहिली नाही.

पूर्णेला डॉक्टरांनी नाडी पाहिली, पापण्या वर करून पाहिल्या. "या वेळी ठीक आहे. काय खायला घातलंत?"

"दशमी," मी म्हटलं.

"तीच चालू ठेवा."

सप्तमीला उजवा डोळा झाला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि हुकूम असा की चावायचं नाही, खोकायचं नाही, उठायचं नाही. दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर मी चूल मांडली. तिथे मिळणाऱ्या म्हशीच्या दुधात दशम्या करायच्या, पुन्हा दुधात कुस्करून लापशीसारख्या मऊ करायच्या आणि चमच्याने भरवायच्या, असं रोज तीन वेळा.

"हे ते नव्हे," आत्याबाई पहिल्याच चमच्याला म्हणाल्या.

"ते दूध संपलं, आत्याबाई."

"तिकडचं दूध वेगळंच होतं. चारा वेगळा असेल. आण आणखी एक चमचा."

कुरकुर करत पण खात होत्या. एकादशी आली. मग महाशिवरात्र. दोन्ही वेळा डॉक्टरांच्या माणसाने येऊन बजावलं, "आजी, डोळ्याला उपास चालत नाही."

"डोळ्याचा उपास कोण करून राहिलं?" आत्याबाई पट्टीआडून म्हणाल्या. "पोटाचा करते मी." शेवटी निखाऱ्यांत भाजलेलं रताळं दुधात कालवून त्यांच्या उपासाची आणि डॉक्टरांच्या हुकुमाची तडजोड झाली. ही तडजोड मी काढली आणि वहीत लिहून ठेवली, म्हणजे पुढे कोणाला लागली तर असावी.

पट्टी सुटली त्या दिवशी त्यांच्यासमोर जाड भिंगाचा चष्मा धरला. त्या बराच वेळ इकडेतिकडे पाहत राहिल्या. भिंत, खाट, यजमान. यजमानांच्या डोक्यावर हात फिरवून म्हणाल्या, "केस गेले की रे तुझे." मग ओट्याच्या दाराकडे बघून म्हणाल्या, "सूनबाई, तव्याची कड घासायची राहिली आहे." तव्याची कड खरंच काळी होती. मी आत जाऊन ती घासली आणि चुलीपाशी थोडी रडले. मग रात्रीचं दूध तापत ठेवलं.

डोळा झाला होता. वहीतल्या ओळीप्रमाणे आता सांगायला हवं होतं. पण डॉक्टर म्हणाले होते, सहा आठवडे अशक्तपणा येऊ द्यायचा नाही. तीन दिवसांचा उपास म्हणजे अशक्तपणाच. ओळीत "सहा आठवड्यांनी" अशी भर घातली.

परतताना चाचा हिंगोलीला घ्यायला आले होते. वाटेत आत्याबाईंनी त्याच ओढ्याशी गाडी थांबवायला लावली. "त्या बाईला डोळ्यांनी बघायचंय मला. आणि शेळी बघायची." चाचा बैलांच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत वेळ काढत होते. आम्ही पलीकडे गेलो, तर रान मोकळं. तीन काळे दगड, राख आणि लेंड्या. तळ उठून पुढे गेला होता.

"गेली," आत्याबाई म्हणाल्या. चष्मा सावरून राखेकडे पाहत उभ्या राहिल्या. "फिरतं बिऱ्हाड. पुन्हा येतील की."

"येतील," मी म्हटलं.

त्यानंतर चार वर्षं झाली. सहा आठवडे संपले तेव्हा सणवार होते, मग अधिक महिना आला आणि त्यांची नेमाची व्रतं सुरू झाली. त्यात प्रायश्चित्ताची भर कुठे घालू म्हणून थांबले. मग घरात मुंज होती. मग त्या तापाने पडल्या. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, हे मी वही उघडून दाखवू शकते. एवढंच की कारणं मिळायला मला कधी तकलीफ पडली नाही.

दशमी मात्र त्यांनी सोडली नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी म्हणायच्या, "ती ओढ्यावरची कर गं." मी गाईच्या दुधाची केली, म्हशीच्या दुधाची केली, दुधात साय फेटून केली, लोणी घालून केली. गल्लीतून खरोखरचं शेळीचं दूध आणूनही केली. त्या खायच्या आणि मान हलवायच्या. "बरी आहे. ती नव्हे." मेंढीचं दूध मी आणलं नाही. चाचांच्या घरून निरोप आला होता, "बाई, पाहिजे तर बंदोबस्त करतो." नको म्हणाले. एकदा चुकून झालं, पुन्हा मुद्दाम नको, एवढं तरी मला पाळता आलं.

डावा डोळा राहिला होता. पण लढाईमुळे ते डॉक्टर मध्ये आलेच नाहीत. सैन्यात गेले असं ऐकलं. या माघात पूर्णेहून कार्ड आलं: डॉक्टर पुन्हा येत आहेत, वद्य सप्तमी ते दशमी. आत्याबाईंचा उजवा डोळाही आता थोडा मंदावला आहे. डावा झाला नाही तर पुढे काय, हे त्यांनाही कळतं.

"येते मी," त्या म्हणाल्या. "पण दशमी ओढ्यावरची पाहिजे. घरून नको नेऊस, बैलाला द्यायला. पीठ घे नुसतं."

काल चाचा अंगणाच्या कडेला उभे राहून सांगून गेले की मेंढरं त्याच रानात बसली आहेत. आत्याबाईंनी ओसरीतून ऐकलं.

"बघ! मी म्हटलं होतं ना, येतील म्हणून." मग मला म्हणाल्या, "या वेळी तांब्या घेऊन मी येते तुझ्याबरोबर. माझ्यासमोर धार काढू दे. शेळी कुठली आहे ते बघतेच एकदा."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच आभाळाकडे. "वंगण आणायला पाहिजे," म्हणाले आणि गेले.

आज माघ वद्य चतुर्थी, शके १८६७. दुपार. मी हिशेब मांडला आहे. आज सांगितलं, तर पंचमी, षष्ठी, सप्तमी त्या उपास करतील. अष्टमीला पहाटे पारणं करून निघालो तर संध्याकाळी हिंगोली, नवमीला पूर्णा, दशमीला डॉक्टर. दोन दिवस खाऊन अंगात जीव येईल का, ते सांगता येत नाही, पण दिवस जमतात. उद्या ओढ्यावर त्यांनी स्वतः पाहिलं तर दिवस जमत नाहीत. आणि तिसरं, न सांगता त्या धनगरणीला आधीच गाठून शेळीखाली बसवणं, हे चाचांनी सकाळी सुचवलं. मी ते यादीत लिहिलं नाही, पण डोक्यातून गेलेलं नाही.

यादी अशी आहे. पीठ, फुली. गूळ, फुली. तूप, फुली. तवा, कडेसकट घासून, फुली. धाबळी, फुली. तांब्या घासणे, फुली. तांब्या विसळणे, दोन फुल्या. टोपली बैलांपासून लांब टांगायला दोरी, फुली.

आत्याबाई ओसरीवर चष्मा लावून गहू निवडत आहेत. आज संकष्टी, त्यांनी सकाळपासून काही घेतलेलं नाही; चंद्र उगवेपर्यंत घेणारही नाहीत. आत्ताच त्यांनी एक खडा उचलून मला दाखवला, "हा तुझ्या नजरेतून सुटला होता." मी वही मिटून त्यांच्यासमोर जाऊन बसले, सुपातले थोडे गहू माझ्याकडे ओढले, आणि परत उठून आत आले. चार वर्षांपूर्वीची ओळ या यादीत खाली उतरवून घेतली आहे: "आत्याबाईंना दुधाचं सांगणे." तिच्यापुढे अजून काही नाही.